छिंदवाड्यात बिटकॉइनचे नोड कोण चालवतंय?

प्रश्न: सर, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला विषय घेतलाय की बिटकॉइनचे नोड, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासून नोंद ठेवणारे कॉम्प्युटर, जगात कुठे कुठे आहेत. रेडीमेड नकाशांत अमेरिका अन् जर्मनी भरभरून, भारत जेमतेम. मी स्वतः यादी काढून नकाशावर टाकली तर भारतातले बरेच ठिपके छिंदवाड्यापाशी एकावर एक बसले! माझी आत्या तिथेच राहते, ती म्हणते इथं असलं काही नाही बाप्पा. माझा कोड चुकला का?
– एक विद्यार्थी, प्रतापनगर

उत्तर: कोड ठीक आहे, आत्याचंही बरोबर आहे. आयपी पत्त्यावरून (मशीनचा इंटरनेटवरचा नंबर) गाव सांगणाऱ्या डेटाबेसला बरेचदा फक्त देश माहीत असतो, पण रकान्यात अक्षांश-रेखांश तर भरावेच लागतात, मग देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू टाकून ते मोकळे होतात. असे डेटाबेस बनवणाऱ्या मॅक्समाइंड कंपनीच्या फुकटवाल्या डेटाबेसमध्ये भारताचा हा बिंदू साधारण २२ उत्तर, ७९ पूर्व, म्हणजे छिंदवाडाच. काही ठिकाणी २० उत्तर, ७७ पूर्व वापरतात, तो पडतो वाशिमजवळ. (झिरो माइल आपल्याकडे अन् मान शेजाऱ्यांना!) अमेरिकेत तर कान्सासमधल्या एका शेतावर असे ६० कोटींच्या वर पत्ते चिकटले होते, २०१६ मध्ये ते बाहेर आलं, तोवर कोणाच्याही ऑनलाइन भानगडीसाठी पोलीस त्याच घरी धडकायचे, शेवटी कंपनीने बिंदू उचलून एका तलावात नेऊन टाकला. तुझ्या यादीत अचूकतेच्या त्रिज्येचा रकाना बघ (ठिपका किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो तो), तिथे १००० किलोमीटर असलं की तो ठिपका नकाशावरून काढ अन् देशाच्या बेरजेत फक्त ठेव.

आता जर्मनी. हे नकाशे कसे बनतात ते तुला माहीत असेलच, एका नोडशी जोडायचं, हात मिळवायचा, तुझ्या ओळखीचे पत्ते दे म्हणायचं, तो एका निरोपात जास्तीत जास्त १००० पत्ते देतो, मग त्या प्रत्येकाकडे जायचं, सोयरीक शोधताना एका घरून दुसऱ्या घरी जातो तसंच. त्यातले खूप पत्ते शिळे असतात, म्हणून जो स्वतः उत्तर देतो तोच मोजायचा. पण उत्तर देणारी मशीन जिथे आहे तिथे तिचा मालक असतोच असं नाही ना! इथल्या आयटी पार्कमधल्या पोराने हेट्झनर या जर्मन कंपनीचा सर्व्हर तिकडच्या फाल्केनस्टाइन गावी भाड्याने घेतला की तो जर्मनीत धरला जातो, हेलसिंकीला घेतला की फिनलंडमध्ये. म्हणून मी तर म्हणतो शहरवार नकाशाच्या भानगडीत पडूच नको, कोणत्या नेटवर्क कंपनीत किती नोड ते मोज, ती माहिती कितीतरी भरवशाची.

भारत कमी दिसतो त्याचं एक कारण साधं आहे. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या एकाच पब्लिक आयपीमागे अनेक गिऱ्हाइकं बसवतात, त्यामुळे घरचा नोड बाहेर जोडतो पण बाहेरून त्याच्यापर्यंत कोणाला पोचता येत नाही, मग पत्ते मागत फिरणाऱ्या प्रोग्रामला तो दिसतच नाही. असे नोड पकडायचे तर उलटं करावं लागतं, आपलेच काही नोड वेगवेगळ्या देशांत उघडे ठेवायचे अन् आत कोण येतंय ते नोंदवत बसायचं. नोंद जास्त दिवस चालवली की आयपी बदलणारा नोड दोनदा मोजला जातो, तेही सांभाळ.

आणि टॉर, म्हणजे आपला आयपी लपवणारं नेटवर्क! अलीकडे पोचता येणाऱ्या बिटकॉइन नोडपैकी निम्म्याहून जास्त टॉरवर आहेत, त्यांना देशच नाही. लोक काय करतात, उरलेल्यांच्या प्रमाणात यांनाही देशांत वाटून टाकतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण जिथे सरकारची भीती तिथलाच माणूस आधी टॉर वापरणार. ‘ठिकाण माहीत नाही’ असा वेगळा रकाना ठेव, तो सगळ्यात मोठा झाला तरी होऊ दे.

मायनिंगचे (नवे बिटकॉइन मिळवायला मशिनी चालवण्याचे) आकडे यात मिसळू नको, तो वेगळा हिशेब, पण रोग तोच, मशीन कुठे ते आयपीवरूनच ठरवायचं. चीनने २०२१ मध्ये मायनिंग बंद केल्यावर केंब्रिज विद्यापीठाच्या आकडेवारीत मायनिंगमधला चीनचा वाटा जुलैत शून्यावर गेला अन् काही महिन्यांत परत २० टक्क्यांच्या वर आला. मशिनी एवढ्यात परत येतात होय? लपूनछपून चालूच असणार. जर्मनी अन् आयर्लंडचा वाटा व्हीपीएनमुळे (आपला आयपी दुसऱ्या देशातला दाखवणारी सोय) फुगला असावा हे तर केंब्रिजवाल्यांनीच सांगून टाकलंय.

प्रश्न: घरी नोड लावला तर पैसे मिळतात का? अन् माझं घर नकाशावर दिसेल का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: पैसे नाही, ते मायनिंगवाल्यांना. पूर्ण साखळीला (ब्लॉकचेन, म्हणजे ब्लॉकांत साठवलेली सगळ्या व्यवहारांची नोंद) ६०० जीबीच्या वर डिस्क लागते, जुने ब्लॉक टाकून देणारा मोड घेतला तर थोडक्यात भागतं. घर दिसत नाही, नागपूरच्या कनेक्शनला हे डेटाबेस कधी मुंबई दाखवतात कधी पुणे, पण आयपी मात्र उघडा राहतो, तो नको असेल तर टॉरवर लावा. अन् मे महिन्यात मशीन तापते म्हणून कूलरसमोर ठेवू नका, ओलाव्याने बोर्ड जातो, साधा टेबल फॅन पुरे.