नियमनाचा दर्जा चांगला असेल तर विकसनशील देशांत परकीय गुंतवणूक खरंच वाढते का?

तुम्ही विचारलंय की, कारभार कच्चा असूनही अंगोलासारख्या आफ्रिकेतल्या तेलसंपन्न देशात परदेशी पैसा जातोच, मग नियमनाच्या दर्जाचं एवढं काय? गुंतवणुकीचे करार वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्यावरून सांगतो. पैसा येतो, पण कोणता येतो आणि आपल्याला केवढ्याला पडतो, हे नियमनावर ठरतं. तेल जिथं आहे तिथंच काढावं लागतं, म्हणून तेलकंपन्या पुष्कळ सोसतात. सुटे भाग बनवणारा कारखाना मात्र कुठंही टाकता येतो. त्याचा मालक आधी नियम बघतो.

केवढ्याला पडतो, याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे कोकणातला दाभोळ वीजप्रकल्प. १९९१ नंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली, पण दर ठरवणारा स्वतंत्र आयोग नव्हता. वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, राज्य वीज मंडळ, आणि त्याची आर्थिक तब्येत सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी पैसे घालणारा भरभक्कम संरक्षण मागणारच. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला तो स्पर्धात्मक निविदा न काढता. वीज उचलली नाही तरी मंडळाने स्थिर आकार भरायचा, दर डॉलरशी बांधलेला, इंधन महागलं तर बोजा मंडळावर. वर राज्याची हमी आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता.

१९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली, प्रकल्प रद्द झाला, मग फेरवाटाघाटी होऊन पुन्हा सुरू झाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर चालू झाला. रुपया घसरत होता, नाफ्था महागला, आणि २००० मध्ये युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळाकडून बिलं थकली. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचंही दिवाळं निघालं.

महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग स्थापन झाला १९९९ मध्ये. तो १९९३ मध्ये असता तर एवढी वीज लागणार आहे का, या दराने परवडेल का, हे प्रश्न खुल्या सुनावणीत विचारले गेले असते. अशा छाननीतून गेलेला करार पुढच्या सरकारला सहज मोडताही आला नसता, म्हणजे कंपनीचंही भलंच झालं असतं. नियामक नव्हता म्हणून त्याची जागा हमीने घेतली, आणि हमीचे पैसे शेवटी जनतेच्याच खिशातून जातात. याची मला आजही चीड येते.

दुसरी बाजू व्होडाफोन या ब्रिटिश मोबाइल कंपनीची. २००७ मध्ये त्यांनी हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा भारतातला मोबाइल व्यवसाय परदेशातल्या व्यवहारातून घेतला. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११,००० कोटींचा कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि काही महिन्यांतच संसदेने कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. हे मला साफ चुकीचं वाटतं. कर जास्त असेल तर कंपनी तो हिशेबात धरते, पण झालेल्या व्यवहारावर मागाहून लागणारा कर कुठल्या रकान्यात धरणार? गुंतवणूक थांबली नाही, कारण बाजारपेठ मोठी होती. पण भारत आंतरराष्ट्रीय लवादात व्होडाफोनचा आणि अशाच मागाहून लागलेल्या करावरून केर्न या ब्रिटिश तेलकंपनीने लढवलेला, असे दोन्ही खटले हरला. ऑगस्ट २०२१ मध्ये ती तरतूद मागे घेतली आणि वसूल केलेला कर बिनव्याज परत करायचं ठरलं.

अभ्यासासाठी विचारत असाल तर निव्वळ क्रमवारीवर विसंबू नका. कुठल्या देशात व्यवसाय करणं किती सोपं, हे सांगणाऱ्या जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' यादीत भारत काही वर्षांत १४२ वरून ६३ वर आला, पण आकड्यांमधल्या गैरप्रकारांमुळे ती यादीच २०२१ मध्ये बंद झाली. त्यापेक्षा करार मिळवून वाचा: गुंतवणूकदाराने सरकारी हमी किती मागितली, दर कुठल्या चलनात बांधला, आणि वाद झाला तर देशातल्या न्यायालयात जायचं कबूल केलं की थेट परदेशी लवादाकडे.