आधी बाही बसव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल पोचली. मिलानला लक्झरी ब्रँड मॅनेजमेंटला जावं, की इथे एक्स्पोर्टवाल्यांकडे सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवतात तिथे, पॅटर्न मास्टरच्या (कपड्याचा बेत आखून कापणाऱ्याच्या) हाताखाली लागावं, म्हणून तुझी झोप उडाली आहे. पोर्टफोलिओही बघितला. चित्रं सुरेख आहेत, पण त्यातल्या एकाही बाईने हात वर केलेला नाही. सगळ्या आपल्या हात सोडून उभ्या! म्हणून सांगतो, आधी बाही बसव. मिलानचं मग बघू.

हसू नकोस. तू बालेन्सियागाचं नाव उठता-बसता घेतेस (तुझ्या डोळ्यांपुढे ते अवाढव्य बूट असणार, माहीत आहे मला). मूळचा क्रिस्तोबाल बालेन्सियागा १८९५ साली स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर, गेतारिया नावाच्या कोळ्यांच्या गावात जन्मला. आई लोकांचे कपडे शिवायची, तिच्याजवळ बसून तो शिकला. १९३७ साली पॅरिसला फॅशनची पेढी उघडली तेव्हा चाळिशी उलटली होती. बेतणं, कापणं, शिवणं, सगळं स्वतःच्या हाताने येत होतं. पॅरिसच्या बड्या नावांत असे फार थोडे. आणि या माणसाला वेड होतं बाहीचं. मनासारखी बसली नाही की उसव, परत लाव, परत उसव. तिकडे कोको शनेलची तीच तऱ्हा. मॉडेलच्या अंगावरच ती मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर, उसवायला घ्यायची. या दोघांना काय दुसरे उद्योग नव्हते?

बाहीत एवढं काय आहे ते ऐक. लोकरी जाकिटाच्या बाहीचा माथा (खांद्याकडची गोल कड) मुंढ्याच्या घेरापेक्षा दोन-चार सेंटीमीटर जास्त असतो. मुद्दाम ठेवलेला असतो, कारण खांद्याला गोलाई आहे. तो जास्तीचा कपडा माथ्यावर धावदोरा घालून, ओढून, वाफेवर जिरवायचा. चुणी एक दिसता कामा नये. आपला हात सरळ खाली लोंबत नाही, थोडा पुढे झुकतो, म्हणून बाही तेवढी फिरवून लावायची. कमी-जास्त फिरली की झोळ पडलाच. आणि मुंढा खाली उतरला की हात वर करताच अख्खं जाकीट वर चढतं. शनेलने मुंढा उंच आणि अंगाला धरून ठेवला तो यासाठी. जाकीट खाली नीट पडावं म्हणून अस्तराच्या खालच्या कडेला पितळी साखळी टाचली. तुझ्या मूडबोर्डवर ती साखळी दागिना म्हणून चिकटवलेली दिसली. अगं, ते वजन आहे!

त्या महागड्या बॅगांच्या हर्मेसबद्दल तू ‘हेरिटेज स्टोरीटेलिंग’ असं पानभर लिहिलं आहेस. १८३७ साली घोड्याचा साज शिवणारं दुकान ते. एकाच मेणलावल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. घोडा उधळला तर स्वाराचा जीव त्या शिवणीवर. आजही त्यांची बॅग याच टाक्याने शिवतात, आणि साधारण एकच कारागीर ती शेवटपर्यंत नेतो. तू यातलं स्टोरीटेलिंग घेतलंस आणि टाका सोडून दिलास.

‘इथे काय शिकायला मिळणार’ हे मात्र परत लिहू नकोस. मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हाचं ते भलंमोठं तोरण मुंबईतच, चाणक्य या भरतकामाच्या संस्थेच्या कारागिरांनी भरलं होतं. अड्ड्यावर (कपडा ताणून बसवायच्या चौकटीवर) आरी, म्हणजे भरतकामाची आकड्याची सुई, चालवणारी माणसं लोकलने तासाभराच्या अंतरावर आहेत आणि तू व्हिसाची चौकशी करतेस.

पगार कमी मिळेल, ते खोटं कशाला सांगू? मलाही कापायचं टेबल सोडून मर्चंडायझिंगला, म्हणजे ऑर्डरी सांभाळायला, या म्हणाले होते. गेलो नाही. गेले त्यांचे पार्ल्यात फ्लॅट झाले, मी डोंबिवलीत. पॅरिस मी पाहिलेलं नाही. माझ्या हातचे नमुने तिकडे गेले, मला कोणी नेलं नाही, आणि हे अजून टोचतं. सौ. म्हणते, तुमचा हट्ट आपल्याला महागात पडला. पडला असेल. पण १९६८ साली तयार कपड्यांचा जमाना आला तेव्हा बालेन्सियागाने चालती पेढी बंद केली. मला तो माणूस कळतो. त्याच्या नावाने कुत्यूर (गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेले कपडे) पुन्हा सुरू झालं २०२१ मध्ये, ५३ वर्षांनी, दुसऱ्यांच्या हातून. मॅनेजमेंटवाले तोवर नाव सांभाळत होते. तुला त्यांच्यात बसायचं आहे का? बस बापडी. तिथेही चांगली माणसं असतात म्हणे. फक्त बाही बसवता येणारी होऊन बस, म्हणजे समोरचा मास्टर ‘जमत नाही’ म्हणाला तर खरंच जमत नाही की कंटाळलाय, हे तुला कळेल.

मी भाषण द्यायला लागलो. मुद्द्याचं लिहितो. मंगळदास मार्केटमधून मांजरपाट आण, आधी पाण्यातून काढ. उभा धागा खडूने आखून घे. स्वतःच्याच मापाची बॉडी बेत, दोन्ही बाह्या लाव, मशीनवर नको, कच्च्या टाक्याने. डावी नेहमी बिघडते, ती उसव आणि परत लाव. मग अंगात घालून लोकलमध्ये वरची कडी धर. कुठे ओढतंय तिथे खूण कर आणि रविवारी घेऊन ये. फोटो पाठवू नकोस, फोटोत मुंढा कळत नाही. मिलानची फी भरायची तारीख काय आहे तेही कळव.

तुझा,
सर