घोडीच्या पायाची नस सुजली होती, आता लंगडत नाही. वरातीला कधी न्यावी?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात वरातीला लावता ती घोडी दहा दिवसांपूर्वी पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागली, नळीमागे (गुडघ्याखालच्या लांब हाडामागे) सूज आली, गोळ्या दिल्यावर चाल सुधारली आणि पुढच्या आठवड्याची सुपारी घेतली आहे.

ती सुपारी कृपा करून सोडा. लंगडणं थोड्या दिवसांत थांबतं, पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिला तुम्ही नस म्हणता, ती जुळायला नऊ ते बारा महिने लागतात. तुटलेल्या तंतूंच्या जागी आधी जो भराव येतो तो कमी ताणला जातो, त्यामुळे घाई केली की त्याच्या शेजारचे चांगले तंतू तुटतात. शिवाय गोळ्यांनी दुखणं झाकलं जातं आणि घोडी दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकते. फेनिलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन ही वेदनाशामकं डॉक्टरांच्या मात्रेनेच द्या आणि दोन्ही एकत्र कधीच देऊ नका, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

आज एवढं करा. पायाला पाणी लावण्याआधी आपल्या हाताच्या उलट्या बाजूने दोन्ही पुढच्या पायांच्या नळ्या तपासा, दुखरी बाजू गरम लागेल. मग पाय उचलून गुडघ्यात वाकवा. आता नळीमागच्या दोऱ्या (कंडरा) सैल पडतात. कातडीलगतची दोरी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत दाबत या, दुसऱ्या पायाशी ताडून बघा. जिथे ती जाड लागते आणि घोडी पाय ओढून घेते, तिथे इजा आहे. अंगाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून बहुतेकदा हीच दोरी जाते. सस्पेन्सरी लिगामेंट (खालच्या सांध्याला आधार देणारा आतला पट्टा) मात्र हाडाला चिकटून असतं, तिथली सूज हाताला सहज कळत नाही.

सोनोग्राफी करून घ्याच. पहिल्या आठवड्यात इजा वाढू शकते, त्यामुळे आठवड्यानंतरचं चित्र जास्त खरं असतं. तुमचे दहा दिवस झालेत, म्हणजे वेळ योग्य आहे. घोड्यांचे डॉक्टर हलवता येणारं यंत्र तबेल्यात आणतात का, हे आधी विचारा. टेम्पोत उभं राहून तोल सावरताना पायावर ताण येतो. खुराच्या वरचा सांधा जमिनीकडे खचत असेल किंवा कंडरेवर जखम असेल, तर वाट न बघता डॉक्टर बोलवा.

ऊब असेपर्यंत गार पाण्याची धार दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा ते वीस मिनिटं. पट्टीखाली कापसाचा जाड, सारखा थर हवाच. पट्टी एकाच जागी दोरीसारखी आवळली तर तीच कंडरा जखमी करते. पट्टी रोज सोडून बांधा आणि चांगल्या पायालाही बांधा, कारण सगळा भार तोच सोसतोय. चोळणं, गरम लेप, डाग देणं नको. डाग दिल्याने कातडी भाजते, कंडरा जुळत नाही.

एक चूक हमखास होते: नालबंद टाच उंच करतो. त्याने आतल्या कंडरेला आराम मिळतो, पण कातडीलगतच्या कंडरेवर ताण वाढतो. खुराचा पुढचा भाग मात्र लांब वाढू देऊ नका, चार ते सहा आठवड्यांनी खूर करून घ्या.

चंदी (दाणा) हळूहळू एक तृतीयांशावर आणा, नाहीतर बांधलेली घोडी उड्या मारते. साडेतीनशे किलोच्या घोडीला सुका चारा पाच-सहा किलो तरी द्या.

डॉक्टरांनी होकार दिला की लगामाची दोरी हातात धरून चालवणं सुरू करा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पुढे दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. जमीन सपाट, घट्ट हवी. खाडीकाठचा चिखल किंवा खोल वाळू मऊ वाटते, पण पाय रुततो आणि कंडरा जास्त ताणली जाते. येऊरचा उतारही नको. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, चित्र ठीक असेल तरच दुडकी, तीही पाच मिनिटांपासून. पाय पुन्हा गरम लागला की एक पायरी मागे या.

स्वार आणि बँडवर नाचवणं सगळ्यात शेवटी. आजारी किंवा जखमी जनावराला काम लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा मंडपवाल्याला आजच फोन करून दुसरी घोडी बघायला सांगा.