खासगी पार्किंगमधून गाडी उचलून नेली आणि नेताना मोडली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार असा दिसतो: साताऱ्याहून सांगलीला आलात, मिरज रस्त्यावरच्या एका व्यापारी संकुलाच्या आतल्या पार्किंगमध्ये गाडी लावली, खरेदी करून खाली आलात तर गाडी जागेवर नाही. वॉचमनने क्रेनवाल्याच्या गोदामाचा पत्ता दिला. तिथे पंधराशे रुपये रोख मोजल्यावर गाडी मिळाली, पण बंपर लोंबतोय आणि स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. संकुलवाले म्हणतात क्रेनवाल्याला विचारा, क्रेनवाला म्हणतो मला फोन आला म्हणून मी उचलली. आणि भिंतीवर 'पार्किंग ॲट ओनर्स रिस्क' असा बोर्ड आहेच.

सगळ्यात आधी दोन वाद एकमेकांपासून तोडा. गाडी योग्य जागी होती की नव्हती, हा एक. गाडी मोडली कोणी, हा दुसरा. समोरचे लोक हे दोन्ही एकत्र कालवणार, कारण त्यातच त्यांचा फायदा आहे. 'तुम्ही तिथे लावलीच कशाला' या एका प्रश्नात तुमचा बंपर, लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा), टायर सगळं वाहून जातं. तसं होऊ देऊ नका. समजा जागा दुसऱ्याची होती, तरीही ज्याने गाडीला हुक लावला त्याने ती धड उतरवायला हवी होती. पहिला वाद तुम्ही हरलात तरी दुसरा उभाच राहतो.

आता उचलण्याच्या अधिकाराबद्दल. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी हलवायला लावण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. अशा वेळी टोइंगचा खर्च आणि दंड मालकाच्या माथी बसतो. हा अधिकार पोलिसाचा. संकुलाचा व्यवस्थापक, सोसायटीचा चेअरमन किंवा वॉचमन यांच्याकडे या कलमाने तो येत नाही. त्यामुळे पहिला शोध हाच घ्या, की गाडी कोणाच्या आदेशावरून उचलली. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून त्या दिवशीचं चलन दिसतंय का बघा, आणि वाहतूक शाखेत जाऊन त्या दिवशी तिथून गाडी उचलल्याची नोंद आहे का ते विचारा. दोन्हीकडे काहीच नसेल तर हा दोन खासगी लोकांनी आपसात ठरवून केलेला उद्योग आहे, आणि तुमची बाजू बरीच भक्कम होते. एक मात्र तपासा: दुकानांपुढचा जो मोकळा पट्टा सगळे 'आतलं पार्किंग' म्हणून वापरतात तो अनेकदा रस्त्याच्याच हद्दीत असतो. तुमची गाडी फाटकाच्या आत होती हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे.

माझ्या गाडीबाबत हेच सांगलीतल्या विश्रामबागेत घडलं. भाड्याचा फ्लॅट, भाडेकरारात पार्किंगचा नंबर लिहिलेला, गाडी त्याच नंबरवर. सोसायटीची कमिटी बदलली, गाड्यांना लावायचे नवे स्टिकर निघाले, ते भाडेकरूंपर्यंत पोचलेच नाहीत, आणि एका दुपारी बिनस्टिकरच्या गाड्या क्रेनने उचलल्या. काचेवर माझा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेला होता. एक फोन कोणी केला नाही, याचा राग मला आजही येतो. आपलं सांगली असं नाही हो. आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी गाठायला लागली की नदीकाठच्या गावभागातल्या गाड्या उंचावर येतात, ओळखपाळख नसलेल्यांच्या कंपाउंडमध्ये उभ्या राहतात. 2019 च्या महापुरात तर दारात कोणाची गाडी आहे हे विचारायलाही कोणी थांबलं नाही. त्याच गावात एका स्टिकरपायी गाडी साखळीने बांधून ओढायची?

भरपाई मिळाली ती भांडून नाही मिळाली, फरशीवरच्या डागांमुळे मिळाली. माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि हँडब्रेक ओढलेला होता. क्रेनवाल्याने पुढची चाकं उचलली आणि तशीच चालवली. मागची चाकं हँडब्रेकने जाम, त्यामुळे ती फिरली नाहीत, घासत गेली. माझ्या पार्किंगच्या रेघेपासून फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉकवर रबराचे दोन काळे पट्टे उमटले होते. वळणावर ते रुंद होते, फाटकाच्या लोखंडी पट्टीवर तुटलेले, आणि पुढे डांबरावर परत सुरू. टायर हाताने फिरवून बघितले तर दोन्ही मागच्या टायरवर तळव्याएवढा भाग गुळगुळीत, नक्षीच नाही. पट्ट्यांचा फोटो आणि टायरचा फोटो शेजारी ठेवला की पुढे कोणाला काही बोलायला उरत नाही. तुम्ही आजच परत त्या संकुलात जा आणि फरशी बघा. पावसाने किंवा झाडूने हे डाग पुसट होतात.

तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असणार, बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात. त्या पुढून उचलायच्या तर हँडब्रेक सुटलेला हवा, म्हणजे मागची चाकं फिरतात. मागून उचलल्या तर पुढची चाकं जमिनीवर राहतात आणि गिअर अडकलेला असेल तर सगळा ताण गिअरबॉक्सवर जातो. ऑटोमॅटिक गाडी 'पी' वर असताना असं ओढलं तर आतली गिअर अडवणारी खीळच तुटू शकते. कुलूपबंद गाडीत यातलं काहीच बाहेरून सोडवता येत नाही, म्हणून अशी गाडी चारही चाकं वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर किंवा चाकांखाली ट्रॉली सरकवूनच न्यावी लागते. फोर बाय फोर आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर सपाट ट्रकच हवा. आपल्याकडे स्वस्तातला मार्ग म्हणजे बंपरखालून साखळी घालून लोअर आर्मला गुंडाळायची. आर्म वाकला की अलाइनमेंट जातं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. ती गाडी तशी चालवत साताऱ्याला नेऊ नका. जवळच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा: आर्म, ॲक्सलचे रबरी बूट, ऑइलचा चेंबर, सायलेन्सर, आणि मागचे ब्रेक. मेकॅनिककडून लेखी घ्या की हे नुकसान ओढल्यामुळे झालेलं दिसतं. नुसत्या एस्टिमेटवर 'बंपर बदलणे' एवढंच लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग अर्धाच.

क्रेनवाल्याकडून पावती मागा. रोख दिले असतील तरी व्हॉट्सॲपवर लिहा, 'अमुक तारखेला गाडी सोडवण्यासाठी 1500 रुपये दिले, पावती पाठवा.' तो नुसतं 'हो' म्हणाला तरी पुरे. पुढे कोणावर अशी वेळ आली तर पैसे यूपीआयने द्या, समोरच्याचं खरं नाव तिथे येतं. गाडी सोडवताना सही घेतात त्या कागदावर बहुधा 'गाडी चांगल्या स्थितीत मिळाली' असं आधीच छापलेलं असतं. ते खोडून 'बंपर तुटलेला, हक्क राखून पैसे भरत आहे' असं लिहायचं आणि मगच सही करायची. सही आधीच होऊन गेली असेल तर आजच्या आज लेखी हरकत पाठवा. उशीर झाला की ती गाडी बाहेर कुठेतरी धडकली असेल, असं बोलायला ते मोकळे होतात.

सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवीन चढतं. संकुलाला अर्ज द्या की त्या दिवसाचं त्या वेळेतलं फुटेज जपून ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. फुटेज देणार नाहीत, ठीक आहे. मागितल्यावरही पुसलं, ही गोष्टच पुढे त्यांच्या अंगलट येते.

पोलीस ठाण्यात जा, पण तिथून पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका. भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या नुकसानीचं कलम 324 आहे, पण त्यासाठी समोरच्याचा हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव दाखवावी लागते. निव्वळ हलगर्जीपणा त्यात बसत नाही. बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात. ती घ्याच, कारण तारखेचा आणि घटनेचा सरकारी कागद म्हणून ती विमा कंपनीपासून ग्राहक आयोगापर्यंत सगळीकडे लागते.

विम्याचा विचार शांतपणे करा. पॅकेज पॉलिसीत (म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात) बाहेरून झालेलं अपघाती नुकसान बसतं, रस्त्याने वाहून नेताना झालेलंही बसतं. दुरुस्तीआधी कळवायला हवं. पण प्लास्टिक आणि रबरी भागांवर वापराने झालेली झीज म्हणून निम्मी घट कापतात, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला वर हजार रुपये सक्तीची वजावट. म्हणजे समजा 12,000 चा बंपर, तर हातात 5,000. आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. झिरो डेप (घट न कापणारं जादा कव्हर) असेल तर घट कापत नाहीत, मग गणित वेगळं. मी क्लेम घेतला नाही. दुसऱ्याच्या हलगर्जीपणासाठी माझा बोनस का घालवायचा?

मग नोटीस. संकुलाचा मालक किंवा व्यवस्थापन आणि क्रेनवाला, दोघांच्या नावे एकच नोटीस, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. उचलायला सांगणारा आणि उचलणारा दोघेही त्यात हवेत. दुरुस्तीचा खर्च, घेतलेले 1500 आणि गाडी बंद असताना झालेला प्रवासखर्च, आकड्यांसह. 'ओनर्स रिस्क' बोर्डाने बुजू नका. 14 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की ताब्यात घेतलेल्या गाडीबाबत स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा सूचनेमागे लपून टाळता येत नाही. तिथे गाडी मालकाने स्वखुशीने व्हॅलेकडे (गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) दिली होती. तुमची तर न विचारता नेली. माझ्या बाबतीत नोटीस पोचल्यावर कमिटी आणि क्रेनवाल्याने गॅरेजचं बिल निम्मं निम्मं भरलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

नोटिशीने काम झालं नाही तर ग्राहक आयोग, पण तिथे तुम्ही 'ग्राहक' आहात का हा मुद्दा ते नक्की काढतील. पार्किंगचे पैसे घेतले असतील, तिकीट असेल, तर प्रश्नच नाही. फुकट पार्किंग असेल तर त्याच संकुलातल्या दुकानाचं त्या दिवशीचं बिल जपा, त्यावरून ग्राहकांसाठीच ती सोय होती असं मांडता येतं. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोगाने तुम्हाला ग्राहक मानलं नाही तरी दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत, आणि त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करता येतो. एवढ्या रकमेसाठी मला तोच मार्ग सगळ्यात बरा वाटतो, कारण तिथे दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात आणि फोटो बघितल्यावर आवाज खाली येतात.

ग्राहक तक्रारीसाठी तुम्हाला सांगलीला खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते, म्हणजे तुमची साताऱ्यातच होईल. पोलिसांचा कागद, फुटेजचा अर्ज आणि फरशीचे फोटो मात्र इथेच मिळणार आहेत, ते उरकून मगच गाडी घेऊन जा.