आप्रवासी, स्थलांतरित आणि ‘तो अमेरिकेत असतो’

विट्याकडे पदवीच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : “इमिग्रेशनचा कायदा, इतिहास आणि धोरण यांची मुलांना तोंडओळख करून द्यायची आहे. मराठीत ‘स्थलांतर’ म्हणू की ‘आप्रवासन’? आप्रवासन म्हटलं की वर्ग हसतो. शिवाय एका मुलाने उत्तरात ‘अमेरिकेने भारतीयांना तडीपार केले’ असं लिहिलंय. ते खोडू का?”

ताई, वर्ग हसतो यात वर्गाची चूक नाही. ‘प्रवास’ या शब्दाचं मराठीत जे झालं, त्याचा हा परिणाम. संस्कृतात प्र + वस् म्हणजे घर सोडून परमुलखात राहणं. जिचा नवरा परगावी राहिलाय ती प्रोषितभर्तृका. तिच्यातला ‘प्रोषित’ याच धातूचा. हिंदीने राहण्याचा अर्थ बराचसा जपला, म्हणून तिकडे ‘प्रवासी मजदूर’ असतात आणि 9 जानेवारीला ‘प्रवासी भारतीय दिवस’ असतो. मराठीत मात्र राहणं गळालं आणि जाणं-येणं तेवढं उरलं. आपला प्रवासी विट्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन सांगली गाडीची वाट बघत उभा असतो. त्याला ‘आ’ जोडून पोरांना काय कळणार? घाईत वाचलं तर ते ‘अप्रवासी’ होतं, म्हणजे जो कुठंच जात नाही तो!

तरी शब्द टाकून देऊ नका. मॉरिशसमध्ये पोर्ट लुईला गिरमिटिया मजूर जिथे बोटीतून उतरत, त्या जागेचं नाव आज ‘आप्रवासी घाट’ आहे आणि 2006 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. (गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट. त्यावर अंगठा उठवणाऱ्यांत मराठी माणसंही होती.) इतिहासाच्या तासाला हा घाट सांगितलात की शब्द डोक्यात बसेल. येणारा तो आप्रवासी, जाणारा तो उत्प्रवासी; परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा आपला 1983 चा कायदा ‘उत्प्रवासा’चा. ही जोडी एकदा फळ्यावर लिहावी आणि पुढे बोलताना खुशाल इमिग्रेशन म्हणावं. विमानतळावर आपण कुणीच ‘आप्रवासनाच्या रांगेत’ उभे राहत नाही.

‘स्थलांतर’ फार ऐसपैस आहे. मायणीच्या तलावावरचे रोहित पक्षी स्थलांतर करतात, तहसील कचेरीचं स्थलांतर होतं आणि खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायला, पार केरळ-तमिळनाडूपर्यंत जातात, तेही स्थलांतरच. पण त्या गलाईवाल्याला व्हिसा लागत नाही. देशात कुठेही जायचा, राहायचा हक्क घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने नागरिकाला दिलाय. आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली की इमिग्रेशनचा कायदा सुरू होतो. समाजशास्त्रात स्थलांतर चालेल. कायद्याच्या तासाला ते एकटं पुरत नाही.

आता गलाईवाल्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या घरचं बोलणं ऐका. घरात कुणी ‘आमचा धाकटा स्थलांतरित आहे’ म्हणत नाही. म्हणतात, ‘धाकटा कोईमतूरला असतो.’ ‘कोईमतूरला आहे’ म्हटलं तर सध्या गेलाय, चार दिवसांत येईल. ‘असतो’ म्हटलं की बिऱ्हाड तिकडंच. एका क्रियापदाच्या रूपात आपली भाषा जो फरक करते, तोच अमेरिकी कायद्याचा कणा आहे. तिथे व्हिसाचे दोन मोठे वर्ग : इमिग्रंट (कायमचं राहायला जाणारा) आणि नॉन-इमिग्रंट (तात्पुरता जाणारा). पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून अर्ज करणारा माणूस कायमचा राहायलाच निघालाय असं 1952 चा त्यांचा कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे खिडकीपलीकडचा व्हिसा अधिकारी विचारतो एवढंच : तू तिथे ‘असशील’ की नुसता ‘असणार’... बघा, भविष्यकाळात आपलीही पंचाईत होते! वर्तमानकाळातच राहू. गंमत एच-वन-बी ची, म्हणजे तिकडे नोकरीला जाणाऱ्यांच्या व्हिसाची आहे. कागदोपत्री तो नॉन-इमिग्रंट व्हिसा, म्हणजे पोरगा तिकडे नुसता ‘आहे’. पण ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अर्ज केला म्हणून तो व्हिसा नाकारत नाहीत. सांगलीतली आई ‘मुलगा अमेरिकेत असतो’ म्हणते तेव्हा ती कायद्याच्या चार पावलं पुढे गेलेली असते. मी तुमच्या जागी असतो तर पहिला तास या दोन वाक्यांवरच घेतला असता.

एका शब्दाला मात्र वर्गात अटकाव करा : ‘घुसखोर’. पेपरात तो सर्रास येतो. आपल्या नागरिकत्व कायद्यातली ‘बेकायदा स्थलांतरित’ची व्याख्या बघा. तिच्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, वैध कागदपत्रांशिवाय आत आलेला. दुसरा, रीतसर व्हिसा घेऊन आलेला, पण मुदत संपल्यावर राहून गेलेला. हा दुसरा कुठे घुसलाय? तो तर दारातून, शिक्का मारून घेऊन आला! ‘निर्वासित’ची गोष्ट आणखी वेगळी. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे व्यवहारात रुळलेला हा शब्द कायदेशीर दर्जा देत नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. त्यांतले कितीतरी पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. माणसं तीच, वळिवड्यात निर्वासित आणि ब्रिटनमध्ये आप्रवासी.

राहिला तडीपार. तड म्हणजे काठ. काम ‘तडीस नेणं’ यातली तड हीच. तडीपार म्हणजे काठापलीकडे नेऊन सोडलेला. पण आज तो शब्द पोलिसांनी स्वतःकडे घेतलाय : 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली गुंडाला एक-दोन जिल्ह्यांतून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी बाहेर काढतात. तो आपलाच नागरिक असतो, मुदत संपली की परत येतो आणि दरम्यान मिरजेचा असला तर अथणीला पाहुण्यांकडे जाऊन बसतो. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकी लष्करी विमानाने 104 भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, ते तडीपार नव्हे. परक्या देशाने त्यांना त्यांच्याच देशात धाडलं. ‘हद्दपार’ चालेल, फक्त पोलिसांच्या कागदावर गुंडालाही हाच शब्द लागतो. मला ‘मायदेशी परत पाठवले’ हे लांब असलं तरी बरं वाटतं. तेव्हा खोडा, पण बाजूला ‘तड’ शब्दाचा अर्थ लिहून द्या त्या पोराला.