नवीन दुकान टाकताय? मग आधी खालचा कप्पा बघा

अ‍ॅसिड, ब्लीचसारख्या घातक मालाला मुलांना न उघडणारं झाकण कंपनीने बसवलं, म्हणून मुलाला इजा झाली तर जबाबदारी कंपनीची, असं मानून चालू नका. कायदा देशागणिक वेगळा, तेव्हा तुमच्याकडचे नियम एकदा जाणकाराकडून समजून घ्याच. पण बहुतेक ठिकाणी रोख एकच असतो: धोका माहीत असताना, किंवा माहीत असायला हवा असताना, दुकानदाराने वाजवी काळजी घेतली का?

सगळ्यात घातक सवय म्हणजे सुटं विकणं. ड्रेन क्लीनर किंवा अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत ओतून दिलंत की लेबल गेलं, इशारा गेला, मुलांना न उघडणारं झाकणही गेलं. पुढे काही झालं तर कंपनीकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, नाही म्हणा.

त्या झाकणावरही फार विसंबू नका. अशा झाकणांसाठीच्या आयएसओ ८३१७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुलं घेतात. उघडून दाखवल्यानंतरही ८० टक्के मुलांना ते उघडता आलं नाही, तर झाकण पास. म्हणजे काहीजण उघडतातच! म्हणून उंदराचं औषध, ब्लीच, रंगीत डिटर्जंट पॉड (कपडे धुण्याच्या साबणाच्या छोट्या पुड्या) वरच्या फळीवर, आणि खाऊ-खेळण्यांपासून लांब. गळकं किंवा लेबल फाटलेलं पाकीट विक्रीतून काढाच.

बटण सेल, म्हणजे छोटे चपटे गोल सेल, गल्ल्यामागे ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं. कंपनीने माल परत मागवला तर त्याच दिवशी फळीवरून उतरवा, आणि तारखेसह नोंद ठेवा. वाद झालाच तर तीच कामी येते.