छोट्या गळतीच्या कामाचे पैसे कसे ठरवावेत आणि कसे घ्यावेत

तुम्ही लिहिलंय की स्वतःची कामं घ्यायला लागून वर्ष होत आलं, दोन-चार कौलं किंवा एखादा पत्रा अशी किरकोळ दुरुस्तीच जास्त येते, दिवसभर राबूनही हातात काही उरत नाही, आणि तीन जणांकडे 'पाऊस पडू दे, मग देतो' म्हणून पैसे अडकलेत. बावीस वर्षं छपराची कामं करतोय. सुरुवातीची चार वर्षं अगदी याच फेऱ्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचा हिशेब मांडा. एक कौल बदलायला वीस मिनिटं लागतात हे गिऱ्हाईक बरोबरच सांगतं. पण फोनवरचं बोलणं, सामान गोळा करणं, शिडी गाडीवर चढवणं, जाणं, शिडी लावून वरून बांधणं, गळतीची जागा शोधणं, काम झाल्यावर खालचा कचरा उचलणं आणि परत येणं, हे कोण मोजणार? मी एकदा आठवडाभर वहीत मिनिटं टिपली होती. सगळ्यात छोटं कामही दोन माणसांचा अर्धा दिवस खाऊन गेलं. तेव्हापासून माझा किमान आकार, म्हणजे कमीत कमी घ्यायचे पैसे, अर्ध्या दिवसाचा आहे. एक कौल असो वा पाच, त्याखाली मी शिडी उचलत नाही.

हा आकडा फोनवरच सांगून टाका. काही जण तिथेच नको म्हणतील, म्हणू द्या. जे हो म्हणतील त्यांना पुढचं वाक्यही सांगा: 'अर्धा दिवस तुमचाच आहे. मुख्य काम आटोपल्यावर पन्हळ साफ करतो, सैल स्क्रू आवळतो, सरकलेली कौलं बसवतो.' वर चढलेलो असताना या कामांना फारसं काही लागत नाही आणि समोरच्याला पैसे दिल्याचं समाधान मिळतं. दर कमी करण्यासाठी एकट्याने चढायची सवय मात्र अजिबात लावून घेऊ नका. शिडी चार मीटर उंच टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर बाहेर हवा, वर ती वळचणीच्या साधारण एक मीटर पुढे निघायला हवी आणि बांधेपर्यंत खाली कुणीतरी धरून उभं हवं. त्या दुसऱ्या माणसाची मजुरी दरात धरायचीच.

नफा लावतानाही बरेच जण चुकतात. खर्च 100 आला, त्यावर 25 टक्के चढवले, 125 घेतले. वाटतं 25 टक्के सुटले. मिळालेल्या 125 मधले 25 म्हणजे 20 टक्केच झाले. विक्रीवर 25 टक्के हवे असतील तर खर्चाला 0.75 ने भागायचं, म्हणजे 133 च्या आसपास. मोठ्या कामात हा फरक कुठेतरी भरून निघतो, छोट्यात निघत नाही. आणि 'खर्च' म्हणजे फक्त माल आणि मजुरी धरू नका. गाडी, विमा, झिजलेली ब्लेडं, नळीतच सुकून गेलेलं सांधे भरायचं अर्धं सीलंट, आणि वर्षातून काही वेळा फुकट माराव्या लागणाऱ्या फेऱ्या, सगळं त्यातच येतं.

आता गळती शोधण्याबद्दल. हे काम दुरुस्तीपेक्षा अवघड असतं आणि आपण ते फुकट करून देतो. एका घरी बैठकीच्या खोलीत पाणी टपकत होतं. मी त्या जागेच्या बरोबर वरचे सांधे भरले आणि उक्ते पैसे घेऊन आलो. पुन्हा गळलं. परत गेलो, आणखी भरलं, तरी गळलं. तिसऱ्या वेळी मदतनिसाला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि मी नळी धरून खालून सुरुवात केली. आधी वळचणीजवळ पंधरा मिनिटं पाणी सोडलं, मग एक हात वर, पुन्हा पंधरा मिनिटं. आतून काहीच आवाज नाही. छप्पर जिथे भिंतीला टेकतं तो सांधा झाकणाऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्लॅशिंगवर, नळी गेली आणि दोनच मिनिटांत मदतनीस ओरडला. पाणी तिथून आत शिरत होतं, वाशाच्या खालच्या कडेने जवळजवळ तीन मीटर घसरत येत होतं आणि एका खिळ्याच्या टोकाशी थेंब होऊन पडत होतं. मी दोनदा भरलेल्या जागेचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. नळी नेहमी खालून वर न्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

त्या दिवसापासून पाहणीचा आकार वेगळा घेतो. काम मला दिलं तर तो बिलात वळता करतो, नाही दिलं तर गळती कुठून आहे हे फोटोंसकट लिहून देतो, मग कुणाकडूनही करून घ्या. यात कुणी नाराज झाल्याचं मला आठवत नाही. जागा नक्की कळल्यानंतरच उक्तं सांगायचं. जागाच कळत नसेल तर रोजावर काम आणि एक वरची मर्यादा: इतक्यापर्यंत जाईन, त्यापुढे विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

कौल उचलल्यावर खालची रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, कुजलेली निघते, फळीत बोट जातं, हे तर ठरलेलंच. भांडणं नेमकी इथेच होतात, कारण आपण ती बदलून टाकतो आणि खाली उतरून जास्तीचे पैसे मागतो. म्हणून अंदाजपत्रकातच एक ओळ घाला: रीप निघाली तर मीटरमागे इतके, फळी निघाली तर चौरस मीटरमागे इतके. कुजकं दिसलं की थांबा, फोटो काढा, दाखवा, होकार घ्या, मगच पुढे. दहा मिनिटं खोळंबा होतो, पण खाली उतरल्यावर वाद उरत नाही.

पैसे घेण्याची माझी पद्धत साधी आहे. एका दिवसाच्या कामाला उचल घेत नाही, काम संपलं की त्याच दिवशी पूर्ण रक्कम. मापाने कापून आणायचा पत्रा किंवा जुन्या नमुन्याची कौलं लागणार असतील तर मालाचे पैसे आधी, कारण तो माल दुसरीकडे खपत नाही. दोन-तीन दिवसांचं काम असेल तर मालाला, निम्म्यावर आणि संपल्यावर. बिल तिथेच हातात द्या. घरी जाऊन पाठवतो म्हटलं की आठवडा गेलाच समजा.

घासाघीस झाली तर दर पाडू नका, काम कमी करा. 'पन्हळ सोडून देतो, तेवढे कमी करतो' हे समोरच्याला पटतं. त्याच कामाचा आकडा खाली आणला तर आधीचा खोटा होता असंच वाटतं.

'पाऊस पडू दे' म्हणणाऱ्याची भीती खरी असते हेही समजून घ्या. त्याने आधी कुणाला तरी पैसे दिलेले असतात आणि छप्पर तरीही गळलेलं असतं. त्यामुळे मी पाऊस तिथेच पाडून दाखवतो. दुरुस्त केलेल्या जागेवर नळीने अर्धा तास पाणी, आणि घरमालक आत उभे. सीलंट वापरलं असेल तर ते वाळायला लागणारा वेळ सोडून चाचणी घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवा. सपाट छपरावर पाणी 24 तास साठवून बघतात, पण 50 मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो वजन. छप्पर ते पेलेल याची खात्री नसेल तर ही चाचणी करूच नका.

हमी लेखी द्या आणि नेमकी द्या: कुठली जागा, काय केलं, किती महिने. सोबत काय केलं नाही तेही लिहा. 'मागच्या उताराचे वॉशर तडकलेले आहेत, बदललेले नाहीत' ही एक ओळ पुढच्या वर्षीचा वाद वाचवते. हमीतली जागा गळली तर सगळी कामं बाजूला ठेवून जा.

आणि छप्परच संपलेलं असेल, म्हणजे हात लावला की पत्रा चुरतोय, एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतंय, तर ठिगळाचे पैसे घेऊ नका. तसं स्पष्ट सांगा. ते काम हातचं जाईल, पण माणसाचे पैसे वाया जाताना बघून तिथे खिळा मारणं बरोबर नाही.

तुमच्या अडकलेल्या तिघांकडे या आठवड्यात नळी घेऊन जा. आधी फोन करून विचारा, 'तुमच्यासमोर पाणी मारून दाखवतो, आत थेंब आला तर तिथेच दुरुस्त करतो, नाही आला तर बाकी द्याल ना?' हो म्हणाले की बिल लिहून खिशात ठेवा आणि मदतनिसाला आत टॉर्च देऊन बसवा.